पाण्याला दिलेली चित्रं

माझ्या आईचं माहेर कोल्हापूर. लहानपणी मे महिन्याची सुट्टी लागली की मिरजेहून पॅसेंजर गाडीनं आम्ही नानांकडे जायचो. बाबूजमाल दर्ग्याच्या मागच्या गल्लीत त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. घरात एकही चित्र नव्हतं. काब्याचा फोटो असलेलं एक कॅलेंडर तेवढं भिंतीवर असायचं, तेही तारखा बघण्यासाठी. चित्र काढणं, लावणं हे नानांना रुचत नसे. पण एका चित्रकाराचं नाव मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं ते याच नानांच्या तोंडून. आबालाल रहिमान. नाना त्यांना ‘आबालाल मुसव्विर’ म्हणायचे, आणि म्हणताना आवाज थोडा खाली आणायचे, जसा एखाद्या वलीचं नाव घेताना आणतात.

त्यांनी सांगितलेली गोष्ट एवढीच होती. शाहू महाराज गेले. आबालालला वाटलं, आता चित्रं दाखवायची कुणाला? मग त्यानं आयुष्यभर काढलेली सगळी चित्रं तळ्यात ठंडी केली.

‘ठंडी केली’ हे शब्द तेव्हा माझ्या कानावरून गेले. ते पुन्हा आठवायला चाळीसेक वर्षं जावी लागली.

गेल्या हिवाळ्यात एका कविसंमेलनासाठी कोल्हापूरला गेलो होतो. शनिवारी रात्री कार्यक्रम झाला. सूत्रसंचालकांनी माझी ओळख करून देताना, मुस्लिम असूनही हे किती सुंदर मराठी लिहितात, असं सांगितलं. ते भल्या मनानं म्हणाले, लोकांनी टाळ्याही भल्या मनानं वाजवल्या. मीही हात जोडले. तीस वर्षं हात जोडतोय. पण रात्री लॉजवर झोप लागेना, ते ‘असूनही’ उशाखाली टोचत राहिलं. तेव्हा ठरवलं, उद्याचा रविवार आबालालसाठी द्यायचा. सव्वाशे वर्षांपूर्वी याच गावात हा माणूस कुंचला हातात घेऊन तळ्याकाठी बसत होता, त्याला कुणी ‘असूनही’ म्हटलं होतं का, कोण जाणे.

सकाळी सीपीआर चौकातून टाउन हॉलमध्ये गेलो. चार्ल्स मँट या इंग्रज वास्तुविशारदानं १८७२ ते १८७६ या काळात उभारलेली ही गॉथिक धाटणीची इमारत. उतरतं छप्पर, टोकदार कमानी, भोवती जुनी झाडं. न्यू पॅलेसचा आराखडाही याच मँटचा. १९४५-४६ साली पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडावर उत्खनन झालं, त्यातल्या वस्तू ठेवायला संग्रहालय निघालं आणि ते पुढं या इमारतीत आलं. तिथं काशाची एक छोटी मूर्ती आहे, पोसायडनची. हा ग्रीकांचा समुद्रदेव. दोन हजार वर्षांपूर्वीच्या व्यापारातून तो समुद्र सोडून पंचगंगेकाठी आला आणि मातीखाली राहिला. मी त्याच्यासमोर जरा जास्तच वेळ थांबलो. पाण्याचा देव जमिनीत पुरलेला सापडावा, हे कोल्हापूरला शोभतं. का ते पुढं सांगतो.

चित्रं दुसऱ्या दालनात आहेत. शाळेची एक सहल आली होती. मुलं तलवारी आणि बंदुकांपाशी गर्दी करून उभी होती, चित्रांपाशी मी एकटाच. आबालालची निसर्गचित्रं बघायची तर अंतर राखून बघावीत. जवळ गेलं की नुसते रंगाचे ठिपके आणि छोटे छोटे फटकारे दिसतात. चार पावलं मागं आलं की त्या ठिपक्यांचं पाणी होतं, पाण्यावर ऊन येतं, झाडाखालची सावली ओली वाटायला लागते. तिकडे फ्रान्समध्ये चित्रकार असेच ठिपके देत होते, त्याच काळाच्या आसपास. पण हे त्यांची नक्कल करणारं काम वाटत नाही. रोज एकाच तळ्याकडे बघणाऱ्या माणसाला पाणी ज्या रीतीनं दिसायला लागतं, ती ही रीत आहे. मला चित्रकलेतलं फारसं कळत नाही. पण एकाच ओळीपाशी वर्षानुवर्षं बसून राहणं म्हणजे काय, ते कळतं.

त्यांचं खरं नाव अब्दुल अझीझ. जन्म १८५६ ते १८६० या दरम्यानचा; साल वेगवेगळं सांगितलं जातं. घरात कुराणाच्या हस्तलिखित प्रती करण्याचं काम चालायचं. म्हणजे या मुलानं पहिली रेघ ओढली ती बोरूनं, अलिफची. अरबी, फारसी शिकला, संस्कृतही शिकला. मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये १८८०च्या दशकात त्यांचं शिक्षण झालं. तिथं त्यांनी व्हाइसरॉयचं पदक मिळवलं. असं पदक घेतलेल्या माणसाला मुंबईत संस्थानिकांची आणि शेटजींची व्यक्तिचित्रं करून बंगला बांधता आला असता. ते परत कोल्हापूरला आले.

शाहू महाराजांनी त्यांना दरबारी चित्रकार नेमलं. महाराजांविषयी मी वेगळं काय सांगणार? १९०२ साली राखीव जागांचा जाहीरनामा काढणारा राजा तो. पण आमच्या घरात त्यांचं नाव आणखी दोन कारणांनी घेतलं जातं. १९०६ साली त्यांनी कोल्हापुरात मुसलमान मुलांसाठी बोर्डिंग सुरू करून दिलं. दसरा चौकात ते आजही आहे. आणि कुराणाचं मराठी भाषांतर व्हावं म्हणून त्यांनी दरबारातून पैसा दिला. माझ्या मराठीला ‘असूनही’ लावणाऱ्यांना हे सांगावंसं वाटतं. पण कार्यक्रमात वेळ कमी असतो आणि चहा थंड होत असतो.

तर असा राजा ६ मे १९२२ रोजी मुंबईत वारला, आणि त्यानंतर ती तळ्याची गोष्ट सांगितली जाते.

टाउन हॉलमधून रिक्षा केली आणि कोटितीर्थावर गेलो. शाहू मिलच्या शेजारचं हे तळं. काठाला देऊळ, पायऱ्या, झाडं. याच परिसरात आबालाल राहायचे, फकिरासारखे. रंग स्वतः तयार करायचे, पाल्यापासून, दगडमातीपासून. कोटितीर्थ, रंकाळा, रंकाळ्यातला संध्यामठ, रावणेश्वर, पंचगंगेचा घाट, हे त्यांचे विषय. संध्यामठ तुम्ही पाहिला असेल. पावसाळ्यात तो दगडी मंडप पाण्यात जातो आणि उन्हाळ्यात पुन्हा वर येतो. अशी वास्तू आणि असा चित्रकार एकाच गावात असणं हा योगच म्हणायचा.

पायरीवर बसलो आणि त्या गोष्टीचा नीट विचार करायला लागलो. गोष्ट खरी असेल का? चित्रांचा आकडा सांगणाऱ्यागणिक बदलतो. कुणी काही हजार म्हणतं, कुणी वीस हजारांपर्यंत जातं. हिशेब करून बघितला. १८८८ पासून १९२२ पर्यंत चौतीस वर्षं. रोज एक चित्र धरलं तर बारा हजारांच्या वर जातात. रेखाटनं, पाटीएवढे कागद, सगळं धरलं तर हजारोंची गोष्ट अगदीच अशक्य नाही. पण कागद लगेच बुडत नाही. तो तरंगतो. जलरंग पाण्यात विरघळेल, तैलरंग तर विरघळणारही नाही. हजारो कागद तळ्यावर तरंगताना गावानं पाहिले असते. धुणं धुणाऱ्या बायकांनी पाहिले असते, पोहणाऱ्या पोरांनी दोन-चार तरी काठाला ओढून आणले असते. त्यांतलं एखादं, डाग पडलेलं, एखाद्या घरात आज निघालं असतं. तसं एकही मी तरी कुठं पाहिलं नाही.

आणि महाराजांनंतरही हा माणूस नऊ वर्षं जगला. १९३१ साली तो गेला. सगळं पाण्यात सोडणारा माणूस पुढची नऊ वर्षं काय करत असेल? मला वाटतं, तळ्याकडे बघत असेल. आणि हातात काही ना काही असेलच.

माझा संशय वेगळा आहे. थोडा कडू आहे, पण बोलतो. आबालालनी चित्रं बुडवली, ही गोष्ट गावाला फार सोयीची आहे. त्यांनी स्वतःच बुडवली म्हटलं की बाकी कुणाला काही विचारायचं राहत नाही. वाळवीनं किती खाल्ली, गळक्या छपराखाली किती भिजली, कुणी फुकट मागून नेली, कुणाच्या माळ्यावर पडून राहिली, कुणी चौकटीच्या लाकडासाठी मोडली, हे प्रश्न मिटतात. राजावरच्या प्रेमापोटी एका कलावंतानं केलेलं समर्पण तेवढं उरतं. डोळ्यांत पाणी येतं आणि विषय संपतो. काही चित्रं त्यांनी खरंच पाण्यात सोडली असतील. मी नाही म्हणत नाही. पण तळ्याच्या नावावर आपण बरंच काही खपवलं असावं.

कारण तळ्यांचं तरी या गावानं काय केलं? कोल्हापूर हे तळ्यांचं गाव होतं. कपिलतीर्थ होतं, तिथं आता भाजी मंडई आहे. वरुणतीर्थ बुजवलं, त्याचं गांधी मैदान झालं. पाऊस मोठा झाला की त्या मैदानात अजून पाणी साठतं. तळं आपली जागा विसरलेलं नाही. रावणेश्वराचं तळं गेलं, तिथं शाहू स्टेडियम उभं राहिलं. मला फुटबॉलचा राग नाही. माझे दोन मामेभाऊ त्याच मैदानावर खेळले, आणि कोल्हापुरात फुटबॉलविरुद्ध बोलणारा माणूस सुखरूप गाडीत बसत नाही. पण बघा, आबालालनी रावणेश्वराच्या पाण्यासमोर बसून जे रंगवलं, ते बघायला आज संग्रहालयाचीच भिंत शोधावी लागते. चित्रं पाण्यानं नेली म्हणतात, आणि पाण्याची आठवण मात्र चित्रांनी ठेवली. पोसायडनपाशी मी का थांबलो होतो, ते आता लक्षात आलं असेल.

हे सगळं मनात मांडत असताना नानांचे शब्द वर आले. ठंडी केली. मी पायरीवरच सरळ होऊन बसलो. नाना ‘बुडवली’ म्हणाले नव्हते, ‘फेकली’ तर नाहीच नाही.

आमच्यात ‘ठंडं करणं’ या बोलण्याला वेगळा अर्थ आहे. मोहरममध्ये ताबूत नदीवर नेतात, ते ठंडे करतात. आणि कुराणाची पानं जीर्ण झाली, फाटली, तर ती रद्दीत घालत नाहीत, पायदळी येऊ देत नाहीत. ती अदबीनं कापडात बांधून वाहत्या किंवा खोल पाण्यात सोडतात. त्यालाही ठंडं करणंच म्हणतात. कुराणाच्या प्रती जिथं हातानं उतरवल्या जात, त्या घरातल्या मुलाला ही रीत बोरू धरण्याआधी माहीत असणार. त्यानं जर खरंच आपले कागद तळ्याला दिले असतील, तर ते रागानं किंवा वैतागानं दिले असतील असं समजायचं कारण नाही. लिहिलेल्या कागदाचा शेवट कसा करायचा, हे त्याला घरात शिकवलं होतं. नानांना चित्रं आवडत नव्हती, पण त्या चित्रांना त्यांनी आपल्या बोलीतून कुराणाच्या पानांचा मान दिला होता. त्यांना ते जाणवलं होतं की नाही, आता विचारता येणार नाही.

इथं मला माझं एक सांगायला हवं. ते सांगितल्याशिवाय आबालालबद्दल बोलण्याचा मला अधिकार वाटत नाही.

माझे अब्बा मिरज स्टेशनवर क्लार्क होते. २००९ साली ते गेले. त्यांनी मला मराठी शाळेत घातलं. पोटाची भाषा आधी शीक, बाकीचं नंतर, असं त्यांचं म्हणणं. बाकीचं राहूनच गेलं. मदरशात मी जेर-जबर लावलेलं कुराण वाचायला शिकलो, पण अब्बांचं घाईचं, घसटं उर्दू मला कधीच लागलं नाही. ते गेल्यावर त्यांची ट्रंक उघडली. आत कुराणाची जुनी सुटी पानं, दुआंच्या फाटक्या पुस्तिका आणि त्यांच्या हातचे बरेच कागद, सगळं एकत्र. कागदांवर इथंतिथं अल्लाहचं नाव ओळखू आलं. मी काही वेगळं केलं नाही. पांढऱ्या कापडात सगळं गाठोडं बांधलं, कृष्णा घाटावर गेलो आणि नदीला दिलं. मनाला बरं वाटलं. एक काम नीट पार पडलं असं वाटलं.

चाळिसाव्याला फुफू आली. जेवणं झाल्यावर तिनं विचारलं, “तेरे अब्बा की शेरां की कापी किधर है रे?”

मला माहीतच नव्हतं. माझी पाच पुस्तकं निघाली होती, आणि हा माणूस आयुष्यभर शेर लिहीत होता, हे मला माहीत नव्हतं. ते कधी बोलले नाहीत, कारण मी वाचू शकणार नव्हतो. मी फुफूला म्हणालो, ट्रंकेत नव्हती. चौदा-पंधरा वर्षं मी तेच सांगत आलो. आज पहिल्यांदा जाहीर बोलतोय. कोल्हापूरनं तळ्याच्या नावावर काय खपवलं, असं मी मघाशी विचारलं ना? मीही कृष्णेच्या नावावर खपवलंच.

कोटितीर्थावरून राजारामपुरी लांब नाही. चालतच चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालयात गेलो. चंद्रकांत म्हणजे आपले चित्रपटातले. भालजी पेंढारकरांच्या १९५२ सालच्या ‘छत्रपती शिवाजी’मध्ये शिवाजी महाराज झाले होते ते. आमच्या पिढीला त्यांचा करारी चेहरा आठवतो. पण त्यांचा जीव निसर्गचित्रांत होता. कुंचला बाजूला ठेवून रंगाची पूड कागदावर चोळून ते चित्र करायचे. पावडर शेडिंग म्हणतात त्याला. डोंगर, धुकं, पाणी, पाण्यावर वाकलेली झाडं. पुडीमुळे सगळ्यावर एक मऊ साय आल्यासारखी दिसते. खरं सांगायचं तर आबालालच्या ठिपक्यांनंतर मला ती जरा जास्तच गोड वाटली. पण माणसाचं एक कौतुक करायलाच हवं. घराचं नाव त्यांनी ‘निसर्ग’ ठेवलं होतं, आणि १९८०च्या दशकात हे घर चित्रांसकट त्यांनी जिवंतपणीच शासनाला देऊन टाकलं. नंतर २००१ साली ते गेले. चित्रं जागेवर आहेत. खाली नावं आहेत, खिडक्या आहेत, माणूस पंखा लावून देतो. मागं काय होतं ते या गावातल्या माणसानं पाहिलेलं असणार, म्हणून त्यानं तळ्यावर किंवा वारसांवर काही सोडलं नाही.

अभिप्रायाच्या वहीत मी दोन ओळी लिहिल्या. तिथल्या कर्मचाऱ्यानं नाव वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “अक्षर छान आहे हो तुमचं.” ‘असूनही’ नव्हतं त्यात. अक्षर अब्बांचं आलंय, असं सांगावंसं वाटलं. सांगितलं नाही.

बाहेर पायरीवर येऊन फुफूला फोन लावला. ती आता ऐंशीच्या पुढं आहे, कानानं कमी झालीय, सांगलीला धाकट्या मुलाकडे असते. मोठ्यानं बोलावं लागलं, त्यामुळे राजारामपुरीतल्या दोन-चार घरांनीही ऐकलं असेल. मी म्हटलं, फुफू, कापी ट्रंकेतच होती. मीच नदीत ठंडी केली. मला वाचता आली नव्हती.

पलीकडे बराच वेळ काही नाही. मग म्हणाली, “मालूम था रे. तू झूट बोलता तो तेरा गला बैठता.”

मी विचारलं, तुला त्यातलं काही आठवतं का? म्हणाली, देखती, शाम कू फोन कर.

सहाच्या गाडीत बसलो आणि रुकडीच्या आसपास फोन केला. तिला एक शेर आठवला होता. पहिली ओळ पूर्ण, दुसरी अर्धी. गाडीच्या खडखडाटात तिनं तो तीनदा म्हणून दाखवला. कविसंमेलनाची निमंत्रणपत्रिका खिशात होती. तिच्या पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर मी तो देवनागरीत उतरवून घेतला. दुसऱ्या ओळीच्या पुढची जागा मोकळी ठेवली आहे.